दिवाणखान्यात समुद्र जगवणारी अ‍ॅना

मैत्रिणींनो, पाणी साठवून कसं वापरायचं हे आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या बायकांना कुणी शिकवायला नको. उमरगा असो, परंडा असो की कळंब, नळाची वाट बघण्यात आणि टँकरमागं घागरी घेऊन पळण्यात आपल्या आया-सासवांची उमर गेली. आणि साठवलेलं पाणी म्हटलं की त्याच्यासोबत येतो आपला जुना वैरी, शेवाळ! अंगणातला हौद चार दिवस उघडा राहिला, त्यावर ऊन पडलं, की कडेनं हिरवी बुळबुळीत साय धरलीच म्हणून समजा. मग घ्या काथ्या आणि बसा घासत.

आता कल्पना करा, हे पाणी समुद्राचं आहे. समुद्र तर लांब. आणि त्या पाण्यात जिवंत पोवळी ठेवलीत. म्हणजे राख लावून घासता येत नाही, पाणी ओतून देऊन दुसरं भरता येत नाही आणि पाणी नासलं तर पोवळी मेलीच! हे कोडं सुमारे १८० वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका गृहिणीनं स्वतःच्या घरात सोडवलं. तिचं नाव अ‍ॅना थिन. काचेच्या टाकीत समुद्र पाळणाऱ्या लोकांच्या जगात हे नाव आज फार मानानं घेतलं जातं.

अ‍ॅनाचा जन्म १८०६ सालचा. माहेरचं आडनाव बेरेसफर्ड, वडील धर्मोपदेशक. १८२४ साली, म्हणजे सतराअठरा वर्षांची असतानाच तिचं लग्न झालं. नवराही धर्मोपदेशकच, पण मोठ्या उमराव घराण्यातला धाकटा मुलगा, लॉर्ड जॉन थिन. पुढे तो लंडनच्या प्रसिद्ध वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे या चर्चमध्ये मोठ्या पदावर गेला आणि कुटुंब चर्चच्या आवारातल्या अ‍ॅशबर्नहॅम हाऊस नावाच्या जुन्या घरात राहू लागलं. गंमत बघा, तिकडच्या रिवाजाप्रमाणे लोक तिला काय म्हणायचे? लेडी जॉन थिन. म्हणजे नवऱ्याचं नुसतं आडनाव नाही, पहिलं नावसुद्धा बायकोला! आपल्याकडच्या आहेराच्या पाकिटावर निदान ‘सौ.’ला तरी जागा असते.

घरात मुलंबाळं, नोकरचाकर, येणारे-जाणारे. अशा घरातल्या बाईनं फार तर पियानो वाजवावा, भरतकाम करावं, अशी तेव्हाची रीत. अ‍ॅनाला मात्र दगडांचा नाद होता. खडक, जीवाश्म, जमिनीचे थर यांत तिचा जीव रमायचा. १८४६ साली ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्की या गावी गेली. वय चाळीस. तिथं खडकांत तिला लहानशा कपाच्या आकाराची जिवंत पोवळी दिसली.

पोवळं म्हटलं की आपल्याला अंगठीतला लाल खडा आठवतो. तो खडा म्हणजे समुद्रातल्या एका जिवाचा सांगाडाच. अ‍ॅनानं पाहिलेली पोवळी वेगळ्या जातीची, पण घडण तशीच. खाली दगडासारखं कठीण घर आणि त्यातून फुलासारखे नाजूक हातपाय बाहेर काढणारा प्राणी. दगडांच्या नादातल्या बाईला जिवंत दगडच सापडला म्हणा ना! तिनं ठरवलं, हे लंडनला न्यायचं.

न्यायचं कसं? प्रवासात भांडं हिंदकळणार, पोवळी एकमेकांवर आपटणार. इथं अ‍ॅनाच्या कामी आली ती सुई. तिनं ती पोवळी सुईदोऱ्यानं एका स्पंजला चक्क शिवून टाकली, स्पंज दगडी बरणीत समुद्राच्या पाण्यात ठेवला आणि बरणी घेऊन घरी आली. शास्त्राच्या कुठल्या पुस्तकात ही युक्ती नव्हती. गोधडी शिवणाऱ्या हातांना मात्र ती लगेच कळेल.

घरी आल्यावर तिनं पोवळी काचेच्या वाडग्यांत ठेवली आणि दर एक दिवसाआड पाणी बदलायला सुरुवात केली. पण पाणी होतं किती? मोजकंच. समुद्राचं पाणी लंडनला मागवायचं म्हणजे खर्च आणि खोळंबा. साठा संपत आला. तेव्हा तिनं वापरलेलं पाणीच पुन्हा ताजं करायचं ठरवलं. उघड्या खिडकीसमोर उभं राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, दुसऱ्यातून पहिल्यात, असं रोज अर्धा-पाऊण तास ओतायचं. चहा गार करायला आपण दोन पेल्यांत वरखाली करतो ना, अगदी तसं. त्यानं हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो. हे काम करायची तिच्या घरातली एक लहानशी मोलकरीण. दगडी बरण्या उचलून रोज पाऊण तास! या शोधाचा निम्मा भार तिच्या दंडांवर होता, असं माझं तरी मत आहे.

१८४७ साली अ‍ॅनानं पुढचं पाऊल टाकलं. किनाऱ्यावरून तिनं दगड-शिंपल्यांना चिकटलेली जिवंत समुद्री वनस्पती मागवली आणि वाडग्यांत सोडली. समुद्री वनस्पती म्हणजे काय, तर मोठ्या जातीचं शेवाळच! आपण ज्याला वैरी म्हणतो, त्यालाच तिनं घरात पाहुणा म्हणून बोलावलं. वनस्पती उजेडात प्राणवायू सोडते, तो प्राण्यांना मिळतो. प्राण्यांची घाण वनस्पतीला खत म्हणून लागते. असा हिशोब जमला आणि समुद्रापासून लांबच्या घरात तिची पोवळी जगली. एकदोन महिने नाही, तीन वर्षांच्या वर. ती नुसती जगली नाहीत, वाढली. त्यांना पिल्लं कशी होतात, तुकडा पडला तर तो पुन्हा कसा भरून येतो, याच्या नोंदी अ‍ॅना करत राहिली. खाऱ्या पाण्याचं टिकाऊ मत्स्यालय जगात पहिल्यांदा उभं राहिलं ते असं.

पण शेवाळाला घरात घेतलं की ते सांगितलेल्या जागीच बसेल, याची खात्री काय? याचा अनुभव पुढच्या दहा वर्षांत सगळ्या इंग्लंडला आला. १८४५ साली तिथं काचेवरचा कर उठला होता, काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणीसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं. १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या निसर्गअभ्यासकाचं समुद्री मत्स्यालयावरचं पुस्तक आलं आणि घरोघरी काचेच्या टाक्यांचं वेड पसरलं. हौशी लोक टाकी आणायचे आणि शोभेसाठी ठेवायचे कुठे, तर उन्हाच्या खिडकीत! झालं, काचा हिरव्या, पाणी हिरवं, आत काय आहे दिसेना.

यावर पहिला उतारा रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाला सापडला होता. १८४९ साली त्यानं गोड्या पाण्याच्या टाकीत दोन सोनेरी मासे आणि पाणवनस्पती ठेवली होती. पानं सडू लागली, काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्यानं तळ्यातल्या चारदोन गोगलगायी आत सोडल्या. त्यांनी सडकी पानं खाल्ली, काचा चाटूनपुसून साफ केल्या, वर त्यांची अंडी माशांना खाऊ म्हणून मिळाली. पुढे खाऱ्या पाण्यातही समुद्री गोगलगायींनी तेच काम केलं. गॉसनं त्यांची जीभ भिंगातून पाहिली होती. कानशीसारखी खरखरीत जीभ, आणि ती फिरली की गवत कापणाऱ्या माणसासारखे काचेवर स्वच्छ पट्टे उमटतात.

विल्यम अ‍ॅल्फर्ड लॉइड नावाच्या माणसानं आणखी सोपं ओळखलं. शेवाळाला उजेड लागतो ना? मग पाणी अंधारात ठेवा. १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मोठ्या मत्स्यालयात त्यानं खाली अंधारा प्रचंड हौद बांधला आणि तिथलं पाणी पंपानं सतत वर फिरवलं. हौदावर झाकण हवं, हे आपल्या आजीला ठाऊकच होतं. पण तिच्या हौदात पोवळी नव्हती!

अ‍ॅनाच्या नोंदी मात्र बराच काळ घरातच पडून होत्या. त्या १८५९ साली, गॉसच्या टिपांसह एका नामांकित शास्त्रीय मासिकात छापून आल्या. तोवर मत्स्यालयाचं श्रेय वॉरिंग्टन आणि गॉस यांच्या नावावर जमा होऊन गेलं होतं. १८६६ साली, वयाच्या साठीच्या आसपास अ‍ॅना गेली. या वेडाची दुसरी बाजूही सांगायला हवी. टाक्या भरण्यासाठी लोकांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे खडक ओरबाडून काढले. गॉसच्या मुलानं पुढे त्याबद्दल फार हळहळून लिहिलं.

आज मुंबई-पुण्यात काही हौशी घरांत समुद्री टाकी दिसते. १९५१ साली सुरू झालेलं मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय तुमच्यापैकी कितीतरी जणींनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. खाऱ्या टाकीत आजही मुख्य भांडण शेवाळाशीच असतं. उष्ण समुद्रातल्या बऱ्याच पोवळ्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते त्यांना अन्न पुरवतं, त्यामुळे दिवा बंद ठेवून चालत नाही. दिवा लावला की काचेवरचं शेवाळही फोफावतं. म्हणून मग त्याचं खाणं तोडायचं. माशांना जास्त घातलेलं अन्न आणि त्यांची विष्ठा यांतून नायट्रेट आणि फॉस्फेट तयार होतं, तेच शेवाळाचं खत. अन्न चिमूटभरच, तेही दोनतीन मिनिटांत संपेल एवढं. भर घालायला बोअरचं पाणी नको, गाळणीयंत्रातून क्षार काढलेलं हवं. पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहतं, म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी बिनमिठाचंच पाणी घालायचं. थोडं पाणी ठरलेल्या दिवशी बदलायचं. काचेला गोगलगायी आहेतच. आणि जाणकार लोक शेजारच्या एका कप्प्यात मुद्दाम मोठ्या जातीचं शेवाळ वाढवतात. ते सगळं खत खाऊन टाकतं, मग नकोसं शेवाळ उपाशी राहतं. वाढलेलं शेवाळ अधूनमधून कापून बाहेर टाकलं की खतही बाहेर! अ‍ॅनाच्या १८४७ सालच्या वाडग्याची ही थेट नात म्हणायची.

औषध टाकून शेवाळ मारायच्या भानगडीत मात्र पडू नका. तुमच्या मुलांनी हट्टानं आणलेला साधा गोल्डफिशचा बाऊल असला तरीही. मेलेलं शेवाळ पाण्यातच सडतं, सडताना प्राणवायू खातं आणि खत पुन्हा पाण्यात सोडतं. त्यापेक्षा बाऊल खिडकीतून हलवा, खाणं कमी करा, हातानं शेवाळ काढा.

आणि एक सांगते. अ‍ॅनासारखी पोवळी उचलून घरी आणायचा विचार कोकणच्या सहलीत करू नका. आपल्याकडे दगडी पोवळ्यांना वन्यजीव कायद्यानं वाघाइतकंच कडक संरक्षण आहे. मालवणला समुद्री अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं, तिथल्या खडकांवर जिवंत पोवळी आहेत. पाणी नितळ असेल अशा दिवशी, जाणत्या माणसासोबत, पाण्यात डोकं घालून ती तिथंच बघता येतात.