धावपट्टी हरपली, विक्रम उरला

लंडनच्या नैऋत्येला सरे परगण्यात वेब्रिज नावाचे टुमदार गाव आहे. गावाच्या कडेला दाट झाडीतून काँक्रीटची एक जुनी, शेवाळलेली भिंत वर चढत गेलेली दिसते. जवळ गेल्यावर उमगते, की ही भिंत नव्हे. हा रस्ता आहे. वळणावर भरधाव मोटारी बाहेर फेकल्या जाऊ नयेत म्हणून एका अंगाने सुमारे २९ फूट उंच उचललेला. केवळ मोटार शर्यतींसाठी बांधलेल्या जगातील पहिल्या धावपट्टीचा, ब्रुकलँड्सचा, हा उरलेला तुकडा. त्याच्या पायथ्याशी १९९१ पासून ब्रुकलँड्स संग्रहालय उभे आहे. तेथे येणारा प्रत्येक जण एका अवाढव्य चंदेरी मोटारीपुढे हमखास थबकतो. ही 'नेपियर-रेल्टन'. ७ ऑक्टोबर १९३५ रोजी तिने या धावपट्टीची एक फेरी ताशी १४३.४४ मैल, म्हणजे सुमारे २३१ किलोमीटर वेगाने पूर्ण केली. हा विक्रम आजवर कोणी मोडलेला नाही आणि यापुढे कोणी मोडणारही नाही. कारण ज्या वर्तुळावर तो झाला, ते वर्तुळच आता अखंड उरलेले नाही.

त्या दिवशी मोटारीच्या चाकामागे बसलेल्या माणसाचे नाव होते जॉन ऱ्होड्स कॉब. आयुष्यभर विक्रमांचा पाठलाग करणाऱ्या या माणसाचा एक विक्रम असा अढळ राहावा, यात नियतीचा काही वेगळाच न्याय असावा.

कॉब यांचा जन्म २ डिसेंबर १८९९ रोजी वेब्रिजपासून काही मैलांवरच्या ईशर येथे झाला. वडिलांचा फरच्या व्यापारातील दलालीचा भरभराटीचा व्यवसाय होता. जॉन सात वर्षांचे असताना, १७ जून १९०७ रोजी, ब्रुकलँड्सचे उद्घाटन झाले. त्या काळी ब्रिटनमधील सार्वजनिक रस्त्यांवर ताशी २० मैलांहून अधिक वेगाने मोटार हाकण्यास कायद्याने बंदी होती. परिणामी फ्रान्स आणि इटलीतील कारखानदार शर्यतींतून आपल्या मोटारी पारखून घेत असताना इंग्रज कारखानदारांना तशी जागाच नव्हती. ह्यू लॉक किंग या जमीनदाराने आपल्या खासगी मालकीच्या जागेत सुमारे पावणेतीन मैलांची, शंभर फूट रुंदीची काँक्रीटची धावपट्टी बांधून ही उणीव भरून काढली. त्यापायी त्याचे सुमारे दीड लाख पौंड खर्ची पडले आणि तो कर्जाच्या खाईत लोटला गेला. पत्नी एथेल हिने व्यवहार हाती घेतला म्हणून काम तडीस गेले.

ईशरमधल्या मुलांना हे वेडे विश्व हाकेच्या अंतरावर होते. जॉन तेरा वर्षांचे असताना, १९१३ च्या फेब्रुवारीत, पर्सी लॅम्बर्ट याने याच धावपट्टीवर एका तासात शंभर मैलांहून अधिक अंतर कापून दाखवले. असे करणारा तो जगातला पहिला माणूस. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर नवा विक्रम करू पाहताना तो येथेच अपघातात मरण पावला. वेग काय देतो आणि काय घेतो, याचा धडा ब्रुकलँड्सने असा उघड्यावर मांडून ठेवला होता.

ईटन आणि केंब्रिज येथील शिक्षणानंतर कॉब वडिलांच्याच व्यवसायात शिरले आणि अखेरपर्यंत त्यात राहिले. मोटार शर्यत हे त्यांच्या पोटापाण्याचे साधन कधीच नव्हते. आठवडाभर लंडनमध्ये फरच्या मालाचे सौदे आणि शर्यतीच्या दिवशी ब्रुकलँड्स, असा त्यांचा क्रम असे. उंच, धिप्पाड बांधा आणि त्याला न शोभणारा बुजरा, मितभाषी स्वभाव. वेगाच्या दुनियेतील भपका आणि बडेजाव त्यांना कधी चिकटला नाही.

१९२५ मध्ये त्यांनी ब्रुकलँड्सवर पहिली शर्यत जिंकली, ती १९११ सालच्या एका जुन्या, दहा लिटर क्षमतेच्या फियाट मोटारीतून. तेव्हापासूनच मोठ्या इंजिनांच्या राक्षसी मोटारींशी त्यांचे सूत जुळले. पुढे बारा सिलिंडरची डेलाज ही मोटार त्यांनी विकत घेतली आणि १९२९ मध्ये फेरीचा विक्रम आपल्या नावावर केला. १९३२ मध्ये टिम बर्किन यांनी बेंटली मोटारीतून फेरीचा विक्रम ताशी १३७.९६ मैलांवर नेला. आता जुन्या मोटारीवर भागण्यासारखे नव्हते.

कॉब यांनी रीड रेल्टन या कल्पक अभियंत्याला स्वतंत्र मोटार बनवण्यास सांगितले. ब्रुकलँड्सच्याच आवारातील थॉमसन अँड टेलर यांच्या कारखान्यात १९३३ मध्ये ती तयार झाली. तिच्यात बसवलेले नेपियर लायन हे इंजिन मुळात विमानाचे. तीन रांगांत बारा सिलिंडर, क्षमता जवळपास चोवीस लिटर आणि शक्ती पाचशेहून अधिक अश्वशक्तीची. एवढ्या प्रचंड गाडीला ब्रेक मात्र केवळ मागच्या चाकांना. सतत वेगाने धावत राहण्यासाठी जन्मलेल्या या मोटारीला थांबण्याची फारशी गरज पडणार नाही, असा त्यामागचा सरळ हिशेब होता.

ब्रुकलँड्सची धावपट्टी तोवर थकली होती. काँक्रीट जागोजागी खचले होते. भरधाव मोटार उंचवट्यावर आली, की चारही चाके जमीन सोडत आणि गाडी काही क्षण अक्षरशः हवेतून जाई. तिला जमिनीवर टेकताना सरळ धरून ठेवणे हे मनगटाच्या आणि छातीच्या ताकदीचे काम होते. कॉब यांच्या धिप्पाड देहाचा तिथे उपयोग झाला, पण त्याहून अधिक उपयोग झाला तो शांत डोक्याचा. १९३४ मध्ये त्यांनी विक्रम ताशी १४०.९३ मैलांवर नेला आणि पुढच्या वर्षीच्या त्या ऑक्टोबरात १४३.४४ वर. अवघ्या १ मिनिट ९.४४ सेकंदांत फेरी पूर्ण झाली होती.

कोणताही विक्रम मोडण्यासाठीच असतो, हे कॉब यांच्याइतके चांगले कोणाला ठाऊक असणार? ब्रुकलँड्स लहान पडू लागताच ते अमेरिकेतील युटा राज्यातल्या बॉनव्हिलच्या मिठागरासारख्या सपाट, पांढऱ्याशुभ्र मैदानाकडे वळले. तेथे नेपियर-रेल्टन अहोरात्र धावली. १९३६ मध्ये सलग चोवीस तास ताशी दीडशे मैलांची सरासरी तिने राखली. आता एकच मान उरला होता, जमिनीवरील सर्वाधिक वेगाचा.

त्यासाठी रेल्टन यांनी आणखी एक अजब यंत्र बनवले. दोन नेपियर लायन इंजिने, चारही चाकांना शक्ती आणि कासवाच्या पाठीसारखे अखंड कवच. चालक अगदी नाकाशी बसे. इंजिने थंड ठेवण्यासाठी नेहमीचा रेडिएटर न बसवता चक्क बर्फाची टाकी बसवली होती. १५ सप्टेंबर १९३८ रोजी कॉब यांनी बॉनव्हिलला ताशी ३५०.२ मैलांचा विक्रम केला. तो टिकला अवघा एक दिवस. दुसऱ्याच दिवशी त्यांचेच देशबंधू जॉर्ज आयस्टन यांनी त्याच मैदानावर ताशी ३५७.५ मैल वेग गाठला. वर्षभराने, २३ ऑगस्ट १९३९ रोजी, कॉब यांनी ३६९.७ मैलांसह तो मान परत मिळवला. अकरा दिवसांनी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले.

युद्धाने ब्रुकलँड्सचा घास घेतला. धावपट्टीच्या पोटातच विमानांचे कारखाने होते. शत्रूच्या वैमानिकांना काँक्रीटचे ते भलेमोठे कडे आकाशातून दिसू नये म्हणून त्यावर झाडे लावली गेली. विमानांच्या आणि मालाच्या ये-जा करण्यासाठी उंच वळणाला खिंडार पाडण्यात आले. ऑगस्ट १९३९ मध्ये झालेली शर्यत अखेरची ठरली. १९४६ मध्ये सारी जागा विकर्स-आर्मस्ट्राँग या विमान कंपनीने विकत घेतली आणि १४३.४४ हा आकडा दगडावरची रेघ झाला. कॉब यांना कोणी हरवले नव्हते. त्यांच्याशी स्पर्धा करण्याची जागाच उरली नव्हती.

युद्धकाळात कॉब वैमानिक म्हणून सेवेत होते. कारखान्यातून बाहेर पडलेली विमाने हवाई दलाच्या तळांवर पोचवणाऱ्या पथकात १९४३ ते १९४५ या काळात त्यांनी काम केले. शांतता होताच ते पुन्हा बॉनव्हिलला गेले. वय ४७. यंत्र तेच, युद्धापूर्वीचे. १६ सप्टेंबर १९४७ रोजी दोन विरुद्ध दिशांच्या धावांची सरासरी ताशी ३९४.२ मैल भरली. त्यातील एका धावेत त्यांनी ४०३ मैलांचा वेग गाठला होता. जमिनीवर ताशी चारशे मैलांची वेस ओलांडणारे ते पहिलेच. हा विक्रम पुढे सोळा वर्षे टिकला.

येथे थांबता आले असते. त्याच वर्षी त्यांनी विवाह केला होता. पण पत्नी एलिझाबेथ १९४८ मध्ये आजारपणाने मरण पावली. १९५० मध्ये त्यांनी व्हेरा यांच्याशी दुसरा विवाह केला. एव्हाना त्यांचे लक्ष पाण्याकडे वळले होते. पाण्यावरील वेगाचा मान अमेरिकेने ब्रिटनकडून हिरावून घेतला होता आणि जुलै १९५२ मध्ये तो आकडा ताशी १७८ मैलांवर गेला होता. कॉब यांनी पुन्हा रीड रेल्टन यांनाच साद घातली. जेट इंजिनावर चालणारी 'क्रुसेडर' ही नौका तयार झाली आणि स्कॉटलंडमधील लॉख नेस या लांब, अरुंद आणि अथांग सरोवरावर तिच्या चाचण्या सुरू झाल्या.

अनुकूल हवेची वाट पाहण्यात आठवडे गेले. रविवारी काम न करण्याची सरोवराकाठच्या धर्मशील लोकांची रीत होती आणि हाती घेतलेले काम कितीही निकडीचे असले, तरी कॉब यांनी ती पाळली. हा पाहुणा त्या लोकांना आपला वाटू लागला होता. २९ सप्टेंबर १९५२, सोमवार. क्रुसेडरने मोजणीचा मैल ताशी दोनशे मैलांहून अधिक वेगाने पार केला. पाण्यावर इतका वेग तोवर कोणी गाठला नव्हता. काही क्षणांतच नौका पाण्यावर उसळली आणि तिच्या चिंधड्या झाल्या. कॉब जागीच मरण पावले. ते ५२ वर्षांचे होते. एखाद्या बोटीने मागे सोडलेल्या लाटांनी घात केला, की नौकेच्या तळाचा पुढचा भाग कमकुवत होता, यावर नंतर बरीच वर्षे चर्चा होत राहिली. विक्रमासाठी परतीची धावही आवश्यक असते. ती झालीच नाही, त्यामुळे हा वेग विक्रमांच्या नोंदीत आला नाही.

पार्थिव ईशरला नेऊन दफन करण्यात आले. लॉख नेसच्या काठी ग्लेन अर्कर्टच्या रहिवाशांनी आपणहून त्यांचे दगडी स्मारक उभारले. ते आजही रस्त्याच्या कडेला दिसते.

नेपियर-रेल्टनचे उत्तरायुष्यही विलक्षण ठरले. जी गाडी थांबण्यासाठी बनलीच नव्हती, ती युद्धानंतर एका पॅराशूट कंपनीने घेतली आणि उतरत्या विमानांना थांबवणाऱ्या पॅराशूटांच्या चाचण्यांसाठी वापरली. त्यासाठी तिला नवे ब्रेकही बसवावे लागले. अनेक हात बदलून १९९७ मध्ये ती जन्मस्थानी, ब्रुकलँड्सला परतली. आता विशेष दिवशी तिचे इंजिन सुरू केले जाते, तेव्हा त्या चोवीस लिटरच्या गडगडाटाने आबालवृद्ध दचकून मागे सरतात. शर्यतीचा अंतिम टप्पा जेथे होता, तो सरळ पट्टा युद्धकाळातील एका विमानशाळेखाली झाकला गेला होता. ती शाळा उचलून बाजूला नेण्यात आली आणि २०१७ मध्ये तो पट्टा पुन्हा मोकळा झाला.

त्याच विमानशाळेशी एक वेलिंग्टन बॉम्बफेकी विमानही जोडलेले आहे. ते ब्रुकलँड्सलाच बनले, १९४० च्या अखेरच्या दिवशी लॉख नेसमध्ये उतरावे लागून बुडाले आणि पंचेचाळीस वर्षांनी, १९८५ मध्ये, वर काढून येथे आणले गेले. ज्या पाण्याने कॉब यांना ओढून नेले, त्याच पाण्याने ब्रुकलँड्सचे हे एक लेकरू परत दिले. क्रुसेडरचे अवशेष मात्र अजून त्या सरोवराच्या तळाशी आहेत.

कॉब यांचे जमिनीवरचे बाकीचे मोठे विक्रम एकेक करून इतरांनी मागे टाकले आणि तसे होणारच होते. उरला तो एकच, घराजवळच्या खडबडीत काँक्रीटवरचा, आकड्याने सर्वांत लहान. तो उरला, याचे श्रेय वेगाला नाही. त्या वर्तुळाला युद्धात पाडलेले खिंडार कधीच बुजले नाही, म्हणून तो उरला. संग्रहालयातून बाहेर पडणारा पर्यटक त्या उंच वळणाकडे वळून पाहतो, तेव्हा काँक्रीटच्या भेगांतून उगवलेले गवत वाऱ्यावर हलत असते आणि रस्ता थोड्याच अंतरावर, हवेत, अचानक संपलेला असतो.