मातीतून गादीवर : कै. खाशाबा जाधव

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन कुस्ती स्पर्धेत ५७ किलो गटात मी पहिल्याच फेरीत हरलो. वडील मार्केट यार्डातली अर्ध्या दिवसाची हमाली बुडवून कुस्ती पाहायला आले होते. पंचांनी समोरच्या मल्लाचा हात वर केला तेव्हा त्यांना काही उमजेना. माझी पाठ तर लागली नव्हती. मग मी हरलो कसा, एवढेच ते घरी येईपर्यंत विचारत राहिले. वर्तुळाबाहेर ढकलले की एक गुण, मागे जाऊन ताबा घेतला की दोन गुण, असे मी समजावू लागलो. त्यांनी ऐकून घेतले, पण पटले नाही. गावच्या जत्रेतल्या कुस्तीत त्यांनी दोनच निकाल पाहिलेले: चीतपट, नाहीतर बरोबरी!

खरे सांगायचे तर त्या कुस्तीत माझा एक गुण पंचांच्या नजरेतून सुटला होता. पण हरकत कुणी घ्यायची आणि कधी घ्यायची, हे मला ठाऊक नव्हते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. असे नियम सांगणारे घरात कोण असणार? त्या रात्री वडिलांनी मला खाशाबांची आठवण करून दिली. वडील कराड तालुक्यातले. हे नाव त्यांच्या कानावर लहानपणापासून पडलेले. पुढचे मी ग्रंथालयात बसून वाचले, आणि माझा पराभव मला फारच लहान वाटू लागला.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील स्वतः मल्ल, त्यामुळे तांबड्या मातीची ओळख पाटी-पेन्सिलीच्या आधीच झाली. चण लहान, पण अंगात चपळाई विलक्षण; ढाक हा त्यांचा हुकमी डाव. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. म्हणजे आपल्यासारखेच तेही एक महाविद्यालयीन विद्यार्थी होते, हे आपण विसरतो.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला होता. मातीत पाय रोवून लढणारा हा मल्ल तेथे प्रथमच मऊ गादीवर उतरला. गादीवर पाय वेगळा पडतो, पकड वेगळी बसते, आणि चीतपट न करताही गुणांवर कुस्ती जिंकता येते. या नव्या जगात त्यांनी फ्लायवेट गटात सहावा क्रमांक मिळवला. दुसरा कुणी एवढ्यावर समाधान मानून गावी सत्कार घेत बसला असता. खाशाबा परत आले ते नव्या नियमांचा अभ्यास करायला.

मित्रहो, क्रमांक कसा ठरतो हे पाहणे येथे जरूर आहे. आपल्या जत्रेतल्या फडात वस्ताद नजरेने जोड लावतात; वजनकाटा नसतो. जपानच्या सुमो कुस्तीतही वजनाचे गट नसतात. तेथे वर्षाला सहा मोठ्या स्पर्धा, प्रत्येक पंधरा दिवसांची. वरच्या श्रेणीतल्या मल्लाने पंधरापैकी निदान आठ कुस्त्या जिंकल्या तर साधारणतः तो क्रमवारीत वर चढतो, नाहीतर खाली घसरतो. आपल्या महाराष्ट्र केसरीत मातीचा विजेता आणि गादीचा विजेता यांची शेवटी गाठ पडते आणि गदा एकाच्याच खांद्यावर जाते. ज्या खेळाची जशी मोजपट्टी, तसा त्याचा मल्ल घडतो.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची मोजपट्टी आणखी निराळी होती. तेथे गुण मिळत नसत, दंडाचे गुण चढत. चीतपट करून जिंकला तर शून्य, पंचांच्या निर्णयाने जिंकला तर एक, हरला तर तीन. फेरीअखेर ज्याच्या नावावर पाच किंवा अधिक गुण चढले तो बाद. शेवटी तिघे उरले की त्यांनी एकमेकांशी लढायचे आणि त्यावरून सुवर्ण, रौप्य, कांस्य ठरायचे. म्हणजे एकदा हरूनही टिकता येई, आणि नुसते जिंकून भागत नसे; कसे जिंकलो यालाही मोल होते.

पण हेलसिंकीला पोहोचणे हीच पहिली कुस्ती होती! निवडीवरून वाद झाला. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत झाली आणि ती त्यांनी जिंकली. मग प्रश्न आला पैशाचा. घरच्यांनी, गावकऱ्यांनी, ओळखीच्या दुकानदारांनी जमेल तशी वर्गणी दिली. तरीही कमी पडले तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारा प्राचार्य! हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

हेलसिंकीत ५७ किलोंच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले व अंतिम तिघांत स्थान मिळवले. उरलेले दोघे होते जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेयोव. इशीबरोबरची लांबलेली, दमवणारी कुस्ती खाशाबा थोडक्यात हरले. लगेच त्यांना ममदबेयोवपुढे उभे राहण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती हा मल्लाचा हक्क होता, पण तो मागण्यासाठी भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकल्या अंगाने ते लढले आणि हरले. इशीला सुवर्ण, ममदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तो दिवस होता २३ जुलै १९५२. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक! दुसरे मिळायला १९९६ साल उजाडावे लागले.

शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक काढून कराडकरांनी त्यांना गोळेश्वरला नेले. सत्कार ओसरल्यावर खाशाबांनी पहिले काम कोणते केले असेल? त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः लढले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. माझ्या मते हा विजय पदकाहून तसूभरही कमी नाही.

१९५५ साली ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक झाले आणि साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. उतारवयात निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. दिल्लीतल्या कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव दिले गेले, तेही २०१० साली.

हेलसिंकीची हकीकत मी वडिलांना सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, की एवढ्या लांब त्या पोराजवळ आपले माणूस कोणीच कसे नव्हते? या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. अंगात ताकद असून भागत नाही. नियम ठाऊक असावे लागतात आणि ते मांडणारे कोणीतरी आपल्या बाजूला उभे असावे लागते. खाशाबांना प्राचार्य खर्डेकर लाभले म्हणून ते हेलसिंकीपर्यंत गेले, आणि तेथे कोणी नव्हते म्हणून विश्रांतीचा अर्धा तास त्यांना मिळाला नाही.

यंदा मी गुणांचे आणि हरकतीचे सारे नियम मराठीत एका वहीत उतरवून काढले आहेत. संध्याकाळी मेहनत झाली की तालमीतली लहान पोरे भोवती बसतात आणि मी ते वाचून दाखवतो. परवा वडीलही येऊन बसले. दोन गुण केव्हा मिळतात हे त्यांनी मला पुन्हा एकदा समजावून सांगायला लावले.