लिन झेशू

लिन झेशू (३० ऑगस्ट १७८५ – २२ नोव्हेंबर १८५०) हे चीनमधील छिंग राजवटीच्या काळातील विद्वान व प्रशासक होते. १८३९ साली क्वांगचौ येथे त्यांनी परदेशी व्यापाऱ्यांकडून अफूच्या २०,००० हून अधिक पेट्या ताब्यात घेऊन नष्ट केल्या. या कारवाईची परिणती पहिल्या अफू युद्धात झाली. अफूवर कडक बंदी घालावी, की कर आकारून तिचा व्यापार कायदेशीर करावा, या चीनच्या दरबारातील वादात ते बंदीच्या पक्षाचे प्रमुख प्रतिनिधी मानले जातात.

प्रारंभिक जीवन

लिन यांचा जन्म फूच्यान प्रांतातील फूचौ येथे झाला. वडील शिक्षक होते व घरची परिस्थिती बेताची होती. लिन १८०४ साली प्रांतिक परीक्षा आणि १८११ साली सर्वोच्च राजकीय परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतर बीजिंगमधील हानलिन अकादमीत त्यांची नेमणूक झाली. पुढे अनेक प्रांतांत काम करताना पूरनियंत्रण, कालवे व दुष्काळनिवारण या कामांत त्यांनी नाव मिळवले. लाच न घेणारा व निःपक्ष न्याय देणारा अधिकारी म्हणून लोक त्यांना ‘निरभ्र आकाश’ या अर्थाच्या उपाधीने ओळखत. १८३२ मध्ये ते च्यांग्सू प्रांताचे गव्हर्नर आणि १८३७ मध्ये हूपै व हूनान या दोन प्रांतांचे महाराज्यपाल झाले.

अफूविषयक वाद

चीनमध्ये अफूविक्रीविरुद्ध पहिला राजादेश १७२९ साली निघाला होता. तरीही चोरटी आयात वाढतच गेली. बंगालची अफू कोलकात्यातील लिलावातून, तर माळव्याची अफू प्रामुख्याने मुंबई बंदरातून चीनकडे जाई. जमशेटजी जीजीभाई यांच्यासह मुंबईतील अनेक पारशी व अन्य व्यापाऱ्यांची संपत्ती या व्यापारातून वाढली. अफूच्या मोबदल्यात चीनमधील चांदी बाहेर जाऊ लागली. तांब्याच्या नाण्यांच्या तुलनेत चांदी महागल्याने, चांदीत कर भरणाऱ्या शेतकऱ्यावरील बोजा वाढला.

१८३६ मध्ये शू नाइजी या अधिकाऱ्याने सम्राटापुढे वेगळा मार्ग मांडला. बंदीमुळे व्यसन थांबले नाही, उलट लाचखोरी वाढली, असा त्याचा युक्तिवाद होता. अफूची आयात कर घेऊन खुली करावी, मोबदल्यात चांदी न देता वस्तू द्याव्यात, देशांतर्गत लागवडीस मुभा द्यावी आणि अधिकारी, विद्वान व सैनिक यांच्यापुरती बंदी ठेवावी, अशा त्याच्या सूचना होत्या. दरबारातील इतरांनी तीव्र विरोध केल्याने सम्राट दाओग्वांग यांनी त्या फेटाळल्या.

१८३८ मध्ये ह्वांग ज्वेझी यांनी दुसरे टोक गाठले. व्यसन सोडण्यास एक वर्षाची मुदत द्यावी व त्यानंतरही अफू ओढणाऱ्यास देहदंड द्यावा, असा त्यांचा प्रस्ताव होता. सम्राटाने त्यावर प्रांताधिकाऱ्यांची मते मागवली. बहुतेकांनी व्यसनी माणसाला देहदंड देण्यास विरोध केला. लिन यांनी मात्र प्रस्तावाला पाठिंबा दिला. तथापि त्यांची योजना केवळ शिक्षेची नव्हती. वर्षाची मुदत टप्प्यांत विभागून शिक्षा क्रमाक्रमाने वाढवावी आणि त्या काळात व्यसनमुक्तीची औषधे लोकांना उपलब्ध करावीत, असे त्यांनी सुचवले. आपल्या अखत्यारीतील प्रांतांत त्यांनी हजारो नळ्या जप्त केल्या व औषधांचे वाटपही केले.

क्वांगचौ येथील कारवाई

डिसेंबर १८३८ च्या अखेरीस सम्राटाने लिन यांना विशेष आयुक्त नेमले. १० मार्च १८३९ रोजी ते क्वांगचौला पोहोचले. आठवडाभरात त्यांनी सर्व अफू स्वाधीन करण्याचा व पुन्हा न आणण्याची हमी लिहून देण्याचा आदेश काढला. व्यापाऱ्यांनी टाळाटाळ करताच त्यांच्या वखारींना वेढा घालण्यात आला. तो सुमारे सहा आठवडे चालला.

ब्रिटिश अधीक्षक चार्ल्स एलियट यांनी अखेर २०,२८३ पेट्या देण्याचे मान्य केले. मात्र तसे करताना त्यांनी ब्रिटिश सरकारच्या वतीने व्यापाऱ्यांना भरपाईचे आश्वासन दिले. त्यामुळे चोरट्या मालाची जप्ती हा दोन राज्यांमधील वाद बनला.

३ जून १८३९ पासून सुमारे तीन आठवडे हूमेन येथे ही अफू नष्ट करण्यात आली. किनाऱ्यालगत खणलेल्या हौदांत पाणी, मीठ व चुना यांच्या साहाय्याने ती विरघळवून समुद्रात सोडली जाई. समुद्र दूषित होणार म्हणून लिन यांनी आधी समुद्रदेवतेची क्षमा मागितली. राणी व्हिक्टोरिया यांना उद्देशून त्यांनी पत्रही लिहिले, पण ते राणीपर्यंत अधिकृतपणे पोहोचले नाही. याच काळात त्यांनी परदेशी वृत्तपत्रे, भूगोल व आंतरराष्ट्रीय कायदा यांवरील मजकूर भाषांतरित करून घेतला. ही सामग्री पुढे वेई युआन यांच्या सागरी राष्ट्रांवरील ग्रंथास उपयोगी पडली.

युद्ध व हद्दपारी

एप्रिल १८४० मध्ये ब्रिटिश संसदेत युद्धाविरुद्धचा ठराव २७१ विरुद्ध २६२ मतांनी फेटाळला गेला. जून महिन्यात ब्रिटिश आरमार चीनच्या किनाऱ्यावर आले. युद्धाचा दोष लिन यांच्यावर ठेवून सम्राटाने त्यांना पदच्युत केले व १८४१ मध्ये शिंच्यांगमधील इली येथे हद्दपार केले. वाटेत पीत नदीचा बांध फुटल्याने त्यांना प्रथम काइफंग येथील दुरुस्तीच्या कामावर नेमण्यात आले. ते काम पूर्ण झाल्यावरही त्यांची शिक्षा रद्द झाली नाही. शिंच्यांगमध्ये त्यांनी पडीक जमीन लागवडीखाली आणण्याच्या व सिंचनाच्या कामांत भाग घेतला.

१८४२ च्या नानकिंगच्या तहानुसार चीनला २ कोटी १० लाख डॉलर खंडणी द्यावी लागली. त्यांपैकी ६० लाख नष्ट केलेल्या अफूपोटी होते. अफूच्या व्यापाराबाबत मात्र तहाने काहीच ठरवले नाही.

उत्तरायुष्य

१८४५ मध्ये लिन यांना परत बोलावण्यात आले. १८४७ मध्ये ते युइन्नान व क्वीचौ प्रांतांचे महाराज्यपाल झाले. त्या सुमाराच्या एका खासगी पत्रात त्यांनी देशांतर्गत खसखशीच्या लागवडीस फारशी हरकत नसल्याचे मत नोंदवले. लोकांना परदेशी अफूच हवी असते, ही त्यांची खंत होती. एकेकाळी शू नाइजी यांनी मांडलेल्या एका सूचनेच्या जवळ जाणारे हे मत त्यांच्या चरित्रात सहसा दुर्लक्षिले जाते. १८४९ मध्ये ते निवृत्त झाले. पुढील वर्षी क्वांगशीतील बंड मोडण्यासाठी त्यांची पुन्हा नेमणूक झाली, पण प्रवासातच त्यांचे निधन झाले.

वारसा

१८५८ मध्ये अफूवर कर बसवून तिची आयात कायदेशीर करण्यात आली. हा बदल शू नाइजी यांच्या योजनेप्रमाणे चीनने स्वेच्छेने केलेला नव्हता, तर दुसऱ्या अफू युद्धातील पराभवानंतर स्वीकारावा लागला होता. त्यानंतर देशांतर्गत लागवडही झपाट्याने वाढली. १९०६ मध्ये चीनने दहा वर्षांत अफू संपवण्याचे धोरण जाहीर केले. पुढील वर्षी ब्रिटनशी झालेल्या समझोत्यानुसार भारतातून होणारी निर्यात दरवर्षी एक-दशांशाने घटवण्याचे ठरले. पुरवठा करणाऱ्या राज्याचे हे सहकार्य लिन यांना १८३९ मध्ये मिळाले नव्हते.

चीनमध्ये लिन यांना राष्ट्रीय वीर मानले जाते. हूमेन येथे त्यांचे स्मारक संग्रहालय, तर न्यू यॉर्कच्या चायनाटाउनमध्ये त्यांचा पुतळा आहे.