आपल्या देशाला चंद्राचे नाव देणारे भिक्खू : ह्युएन त्संग



शाळेच्या इतिहासात सम्राट हर्षवर्धनाचा धडा आला की एक नाव हमखास येते : ह्युएन त्संग. मुले ते वाचताना अडखळतात, एखादे हसते, आणि परीक्षेपुरते पाठ करून सगळी विसरून जातात. तो एक चिनी प्रवासी होता, एवढेच डोक्यात राहते. पण ते हौसेने देश पाहायला निघालेले प्रवासी नव्हते. ते तथागतांच्या धम्माचे भिक्खू होते आणि धम्मग्रंथांचा खरा अर्थ शोधायला आले होते. चीनमध्ये आज आपल्या देशाला जे नाव आहे, ते रूढ होण्यामागेही त्यांचाच हात आहे. त्या नावाची हकिकत त्यांच्या जीवनात इतकी मिसळलेली आहे की दोन्ही एकत्रच सांगावी लागते.

प्रथम त्यांच्या स्वतःच्या नावाचेच पाहा. चीनमधील लोयांग शहराजवळच्या एका खेड्यात इ. स. ६०२ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. घराण्याचे नाव चेन, मुलाचे नाव यी. थोरला भाऊ आधीच भिक्खू झाला होता. त्याच्या मागे धाकटाही विहारात गेला आणि तेराव्या वर्षी श्रामणेर झाला. तेथे त्याला जे नाव मिळाले, त्याचा उच्चार साधारण श्वान-त्सांग असा आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच पंडितांनी ते आपल्या पद्धतीने लिहिले, त्यावरून इंग्रजांनी घेतले, इंग्रजीवरून आपण घेतले, आणि त्याचे ह्युएन त्संग झाले. काहींनी युवान च्वांगही लिहिले. माणसाच्या नावाची एवढी ओढाताण होते, तर देशाच्या नावाची किती होत असेल?

तो काळ धामधुमीचा होता. ६१८ साली सुई राजवट कोसळली आणि तांग राजवट आली. तरुण श्वान-त्सांग दुष्काळ आणि लढाया चुकवीत पश्चिमेकडे सेचुआन प्रांतात गेले, तेथे उपसंपदा घेतली आणि गावोगावच्या आचार्यांपुढे बसून शिकत राहिले. जितके शिकले तितक्या शंका वाढल्या. एकाच ग्रंथाची निरनिराळी भाषांतरे, आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. एक आचार्य एक सांगतो, दुसरा त्याच्या उलट. यातले बुद्धाचे कोणते आणि भाषांतरकाराचे कोणते, हे ठरवायचे कसे? मूळ भाषा शिकायची आणि मूळ ग्रंथ वाचायचे, हाच मार्ग त्यांना दिसला. त्यासाठी भारतात जायला हवे होते.

भारत हे नाव अर्थात त्यांना ठाऊक नव्हते. चिनी लोकांनी आपल्या देशाचे नाव प्रथम ऐकले ते इसवी सनापूर्वी १२८ च्या सुमारास. चांग छिएन नावाचा त्यांचा एक राजदूत बॅक्ट्रियात, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानच्या उत्तर भागात गेला होता. तेथल्या बाजारात त्याला सेचुआनचे कापड आणि बांबूच्या काठ्या दिसल्या. आपल्या देशातला माल इतक्या लांब कसा आला, म्हणून त्याने विचारले. व्यापाऱ्यांनी सांगितले, आम्ही हा शेन-तू देशातून आणतो. हे शेन-तू म्हणजे आपली सिंधू नदी. याच सिंधूचे इराणी लोकांनी हिंदू केले, कारण त्यांच्या जिभेवर अशा ठिकाणी स चा ह होई. ग्रीकांनी तो ह गाळून इंदोस केले आणि त्यावरून इंडिया झाले. चीनमध्ये शेन-तूशिवाय शिएन-तौ आणि तिएन-चू अशीही रूपे चालू झाली. सर्वांचे मूळ एकच नदी. पण वाचणाऱ्याला वाटावे, हे तीन वेगळे देश आहेत.

६२९ च्या सुमारास ते छांग-आन राजधानीतून निघाले. सरहद्द ओलांडायला बंदी होती. परवानगीचा अर्ज नामंजूर झालेला. तरी ते निघाले. वाटाड्या अर्ध्यातून परतला. पुढे शेकडो मैलांचे वाळवंट, सोबतीला एक म्हातारा तांबडा घोडा. त्यात पाण्याची पखाल हातातून सुटून सांडली. एकदा मागे वळले, पण भारत गाठल्याशिवाय पूर्वेकडे पाऊल टाकणार नाही, हा आपलाच निश्चय आठवून पुन्हा पश्चिमेला वळले. चार रात्री आणि पाच दिवस पाण्याचा थेंब नव्हता. शेवटी घोड्यानेच झरा शोधला. त्यांच्या चरित्रात चमत्कारही पुष्कळ आहेत. ते आपण बाजूला ठेवू. तहान आणि घोडा एवढे पुरेसे आहे.

तुर्फानजवळच्या काओ-छांग राज्याचा राजा त्यांच्या विद्वत्तेवर इतका लुब्ध झाला की त्यांना सोडीना. तेव्हा त्यांनी अन्नपाणी टाकले. तीन दिवसांनी राजा नमला आणि वाटेतल्या चोवीस राज्यांना पत्रे देऊन त्याने त्यांना सन्मानाने रवाना केले. बर्फाचे डोंगर ओलांडून समरकंद, तेथून बामियान. बामियानच्या कड्यातल्या बुद्धाच्या ज्या प्रचंड मूर्ती त्यांनी पाहून लिहून ठेवल्या, त्याच २००१ साली सुरुंग लावून उडविण्यात आल्या.

मग गांधार, काश्मीर, मथुरा, श्रावस्ती, कुशीनगर, सारनाथ, बुद्धगया. आणि अखेर नालंदा. तेथे वयोवृद्ध आचार्य शीलभद्रांच्या पायाशी बसून त्यांनी सुमारे पाच वर्षे अभ्यास केला. संस्कृतात ते इतके तयार झाले की पुढे कनौजला हर्षाने भरविलेल्या सभेत ते मुख्य वक्ते होते. इथल्या लोकांनी त्यांनाही नवी नावे दिली : महायानी त्यांना महायानदेव म्हणत, तर दुसऱ्या पंथाचे मोक्षदेव.

महाराष्ट्रातही ते आले. त्यांच्या ग्रंथात आपल्या प्रांताचे नाव मो-हो-ला-छा असे पडले आहे आणि राजा पुलकेशीचे पु-लो-की-शे. इथले लोक साधे, उंच, स्वाभिमानी. उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवून घेतात, असे त्यांनी नोंदविले. हर्षापुढे हा राजा झुकला नाही, हेही लिहिले. त्या वेळी महाराष्ट्रात शंभरावर विहार आणि सुमारे पाच हजार भिक्खू होते. मुलांना हे सांगा. आपल्या आजोबा-पणजोबांना जो धम्म ठाऊकच नव्हता, तो या मातीत पूर्वी होता, याची ती एक परक्या माणसाने दिलेली साक्ष आहे. पूर्व सीमेवरच्या डोंगरातला जो कोरीव विहार त्यांनी वर्णिला, तो अजिंठाच असावा असे पंडित मानतात.

पण त्यांच्या डोळ्यांनी आणखीही काही पाहिले. खाटीक, कोळी, नाचगाणे करणारे, फाशी देणारे आणि मैला काढणारे लोक नगराबाहेर राहतात. त्यांच्या घरांवर ओळखू येईल अशी खूण असते. वस्तीत येता-जाताना त्यांना रस्त्याच्या डाव्या कडेने अंग चोरून चालावे लागते. एवढेच त्यांनी लिहिले, रागाचा एक शब्दही लिहिला नाही. मला ते खटकते. पण नोंद झाली, आणि ती चौदाशे वर्षे टिकली. घरावरची ती खूण पुढे वस्तीच्या नावात शिरली. सरकारी कागदांवरची महारवाडा, मांगवाडा ही नावे काढून तेथे समतानगर, भीमनगर अशी नावे द्यावीत, हा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला तो २०२० सालच्या डिसेंबरात!

हर्षाच्या भेटीत मात्र नावाचा उलटा प्रसंग घडला. हर्षाने महाचीन देशाची चौकशी केली. आपल्याकडे त्यांच्या देशाला चीन म्हणत, पण चिनी माणूस स्वतःच्या देशाला असे म्हणत नव्हता. बहुतेक पंडित हे नाव इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या छिन राजवटीवरून आले असे मानतात. श्वान-त्सांगांनी हर्षाला समजावून दिले, की ते जुन्या राजांच्या वेळचे नाव आहे, आता आमच्या देशाला तांग म्हणतात. हर्षाने ऐकून घेतले. आपण मात्र आजही चीनच म्हणतो.

६४५ साली ते छांग-आनला परतले. वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ होते. सिंधू ओलांडताना नाव हेलकावली आणि काही पोथ्या वाहून गेल्या, त्याही त्यांनी पुन्हा नकलून मागविल्या होत्या. बंदी मोडून गेलेल्या या भिक्खूचे सम्राट ताइ-त्सुंगने स्वागत केले आणि पश्चिमेकडच्या देशांचे वर्णन लिहून मागितले. ६४६ मध्ये, शिष्य पिएन-ची याच्या हातून बारा भागांचा तो ग्रंथ पुरा झाला.

याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात, आपल्या देशाच्या वर्णनाला सुरुवात करतानाच, ते नावाचा प्रश्न घेतात. शेन-तू, शिएन-तौ, तिएन-चू ही जुनी रूपे घोटाळ्याची आहेत. बरोबर उच्चार यिन-तू असा धरावा, असे ते सांगतात. तेथील लोक आपापल्या प्रांताचेच नाव सांगतात, हेही ते मान्य करतात. मग यिन-तू म्हणजे इंदु, म्हणजे चंद्र, असा अर्थ लावतात. आपल्याकडे मुलीचे नाव असते ना, तेच इंदु. कारणही देतात. प्राणिमात्र अज्ञानाच्या लांब रात्रीत फिरत आहेत. बुद्धाचा सूर्य मावळला. दिवे आणि तारे आहेत, पण चंद्राच्या प्रकाशाची सर त्यांना नाही. या देशात एकामागून एक ज्ञानी पुरुष झाले आणि त्यांनी चंद्रासारखी वाट दाखविली. म्हणून हे नाव शोभते.

आता पुढची ओळ नीट लक्षात घ्या. या देशातल्या जातींत ब्राह्मण श्रेष्ठ मानले जातात, म्हणून साऱ्या देशाला सर्रास ब्राह्मणदेश म्हणण्याचीही चाल आहे, असे ते नोंदवितात. म्हणजे चीनमध्ये आपल्या देशाचे नाव एका वर्णावरून पडण्याची वेळ आली होती. एका वर्णाच्या नावात सारी प्रजा गडप झाली असती, नगराबाहेर खूण लावलेल्या घरांत राहणारीसुद्धा. त्यांनी त्या नावावर टीका केली नाही. पण आपल्या ग्रंथासाठी निवडले ते यिन-तू.

यिन-तूचा चंद्राशी खरोखर संबंध आहे काय? नाही. सुमारे पंचेचाळीस वर्षांनी यि-चिंग नावाच्या दुसऱ्या चिनी भिक्खूने साफ लिहिले, की हिंदू हे नाव उत्तरेकडचे परके लोक वापरतात, भारतातल्या माणसाला ते बहुधा कळतही नाही. चंद्र हा अर्थ लावता येईल, पण ते प्रचारातले नाव नव्हे. तेथले लोक आर्यदेश, मध्यदेश म्हणतात, असे त्याने नोंदविले. आजचे भाषापंडितही सांगतात, की यिन-तू हे सिंधूचेच मध्य आशियातल्या भाषांतून आलेले रूप आहे. म्हणजे श्वान-त्सांगांची व्युत्पत्ती चुकली. आणि तरीही चालले तेच नाव. जपानने जुने तिएन-चू हे तेन्जिकु करून शतकानुशतके वापरले, पण आज तेथे इंदो म्हणतात. कोरियातही इंदो. व्हिएतनाममध्ये त्याच दोन चिनी अक्षरांचे अन दो झाले.

प्रत्येक वेळी त्यांचे चालले असे नाही. अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाचे रूढ चिनी नाव चूक आहे म्हणून त्यांनी नवे दिले. पंडितांनी ते लिहिले, पण घराघरांत क्वान-यिनच राहिले. पुढे मध्य आशियात सापडलेल्या जुन्या पोथ्यांत त्या नावाचे अवलोकितस्वर असे रूप मिळाले. तेव्हा जुने भाषांतरकारही आपल्या पोथीला धरूनच होते! ६४७ मध्ये ताओ पंथाचा मुख्य ग्रंथ संस्कृतात करण्याची आज्ञा झाली. ताओ या शब्दाला बोधि म्हणावे, असा त्या पंथाच्या पंडितांचा आग्रह. श्वान-त्सांग हटले नाहीत. ताओ म्हणजे वाट, तेव्हा मार्ग हाच शब्द. दुसऱ्याच्या विचारावर आपल्या धम्माचा शब्द चिकटवायला ते तयार नव्हते. धर्मांतर केलेल्या आपल्या कुटुंबांत नव्या शब्दांवर जुने अर्थ सहज चढतात, म्हणून मला हा वाद फार मोलाचा वाटतो.

परतल्यानंतरची एकोणीस वर्षे त्यांनी भाषांतरात घालविली. ७५ ग्रंथ, १३३५ खंड. त्यांत एकट्या महाप्रज्ञापारमितेचे सहाशे. शिष्यांनी सुचविले की पुनरुक्ती गाळावी. त्यांनी काही गाळले नाही. ते काम ६६३ साली संपले आणि ६६४ मध्ये त्यांचे परिनिर्वाण झाले.

त्यांच्या ग्रंथाचा प्रवास मात्र संपला नव्हता. नालंदा उद्ध्वस्त झाले. त्या जागी ढिगारे उरले आणि शेजारच्या खेड्याला लोक बडगाव म्हणत. १८५७-५८ मध्ये फ्रेंच पंडित ज्युलियाँ यांनी श्वान-त्सांगांच्या ग्रंथाचे भाषांतर केले. त्यातली अंतरे आणि दिशा ताडून १८६१-६२ च्या सुमारास अलेक्झांडर कनिंगहॅम बडगावला पोचले आणि हेच नालंदा, असे त्यांनी ठरविले. चिनी अक्षरांत ना-लान-थो म्हणून जपलेले नाव बाराशे वर्षांनी आपल्या जागी परत आले. १९७२ साली बिहारमध्ये तेथला जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्याचेही नाव नालंदा ठेवण्यात आले.