संत पॉलिकार्प : तिथी वेगळी, वेदी एकच

नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरलाच येतो, मग ईस्टरची तारीख का बदलते? धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले हा प्रश्न हमखास विचारतात. त्याचे उत्तर शोधताना आपण स्मुर्णाचे बिशप संत पॉलिकार्प यांच्यापाशी येऊन पोहोचतो. २३ फेब्रुवारी हा त्यांचा स्मृतिदिन.

त्यांचा जन्म इ. स. ६९ च्या सुमाराचा. स्मुर्णा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझमीर. पॉलिकार्प प्रेषित योहानाचे शिष्य होते, असे त्यांना लहानपणी पाहिलेल्या संत इरेनियस यांनी लिहून ठेवले आहे.

योहानाकडून त्यांना एक परंपरा मिळाली. यहुदी महिना नव्या चंद्रकोरीने सुरू होई आणि दिवस सूर्यास्ताला बदले. नीसान महिन्याच्या चौदाव्या तिथीला, पौर्णिमेच्या सुमारास, दुपारी वल्हांडणाच्या कोकऱ्यांचा बळी दिला जाई. सूर्य मावळून पंधरावी तिथी लागली की भोजन होई. संत योहानाच्या शुभवर्तमानानुसार प्रभू येशूने क्रुसावर प्राण सोडला तो याच तयारीच्या दिवशी, शुक्रवारी. इतर तीन शुभवर्तमानांत मात्र शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन आहे. त्या हिशोबाने तो शुक्रवार पंधराव्या तिथीचा ठरतो. पिलाताची कारकीर्द इ. स. २६ ते ३६. त्या वर्षांत चौदावी तिथी शुक्रवारी कधी आली, याचे गणित मांडून अभ्यासक मुख्यतः ७ एप्रिल ३० आणि ३ एप्रिल ३३ या तारखा सांगतात.

पॉलिकार्प आणि त्यांच्या प्रांतातील ख्रिस्ती लोक ही चौदावी तिथी पाळत, मग वार कोणताही असो. रोममध्ये मात्र वार महत्त्वाचा मानत. प्रभू रविवारी उठला, म्हणून सण रविवारीच. त्यामुळे एकीकडे उपवास चालू असताना दुसरीकडे सण साजरा होई.

इ. स. १५५ च्या सुमारास ऐंशी ओलांडलेले पॉलिकार्प रोमला गेले. पोप अनिसेटस यांच्याशी त्यांची बोलणी झाली, पण दोघांपैकी कोणीही आपली रीत सोडली नाही. तरीही पोपनी आपल्या मंदिरात पवित्र मिस्सा अर्पण करण्याचा मान या पाहुण्या बिशपना दिला. दोघांनी शांतीने एकमेकांचा निरोप घेतला.

त्यानंतर थोड्याच काळात स्मुर्णात छळ सुरू झाला. पकडायला आलेल्या शिपायांना पॉलिकार्प यांनी आधी जेवू घातले आणि प्रार्थनेसाठी वेळ मागून घेतला. ख्रिस्ताला नाकारले तर सुटका होती. पण शहाऐंशी वर्षे ज्याची सेवा केली त्याला ते नाकारू शकले नाहीत. त्यांना आगीत उभे करून शेवटी खंजिराने मारण्यात आले.

इ. स. १९० च्या सुमारास पोप व्हिक्टर यांनी तिथी पाळणाऱ्यांना ख्रिस्तसभेबाहेर काढायचे ठरवले, तेव्हा इरेनियस यांनी त्यांना याच भेटीची आठवण करून दिली. इ. स. ३२५ मध्ये नायसियाच्या धर्मपरिषदेने सर्वांसाठी रविवार ठरवला. आज आपण २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी ईस्टर साजरा करतो. त्यात चंद्रही आहे आणि वारही.

बंधुभगिनींनो, सणाच्या, मिरवणुकीच्या, मानपानाच्या लहानशा मुद्द्यावरून आपल्यातही अबोला धरला जातो. मत सोडता येत नसेल, तर निदान वेदीपाशी एकमेकांना जागा देऊ या.

संत पॉलिकार्प, आम्हांसाठी विनंती कर.