आल्फ्रेड श्टॉक

आल्फ्रेड श्टॉक (१६ जुलै १८७६, डॅन्झिग – १२ ऑगस्ट १९४६, आकेन) हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ होते. बोरॉन आणि सिलिकॉन यांच्या हायड्रोजनयुक्त संयुगांवरील संशोधनासाठी ते ओळखले जातात. प्रयोगशाळेतील पाऱ्याच्या बाष्पाने होणाऱ्या विषबाधेची माहिती त्यांनी स्वतःच्या आजाराचे उदाहरण देऊन जाहीरपणे मांडली. संयुगाच्या नावात मूलद्रव्याची ऑक्सिडीकरण अवस्था रोमन अंकाने दर्शविण्याची, आज शालेय पाठ्यपुस्तकांतही आढळणारी पद्धत त्यांच्याच नावाने प्रसिद्ध आहे.

शिक्षण आणि संशोधन

श्टॉक यांचे शिक्षण बर्लिन येथे एमिल फिशर यांच्या प्रयोगशाळेत झाले. त्यानंतर काही काळ त्यांनी पॅरिस येथे आंरी म्वासां यांच्याकडे काम केले. १९०९ मध्ये ते ब्रेस्लाउ येथे प्राध्यापक झाले आणि १९१६ मध्ये बर्लिनच्या डालेम भागातील कैसर विल्हेल्म रसायनशास्त्र संस्थेत रुजू झाले.

बोरॉनची हायड्राइडे अत्यंत चंचल असतात. त्यांपैकी काही हवेचा स्पर्श होताच पेट घेतात; शिवाय काचेच्या तोट्यांना लावण्याच्या वंगणावरही त्यांची विक्रिया होते. त्यामुळे श्टॉक यांनी संपूर्ण निर्वात काचयंत्रणा उभारली आणि तिच्या झडपा पाऱ्याच्या बनविल्या. या युक्तीमुळे रसायनशास्त्राला संयुगांचे एक नवे कुलच गवसले. मात्र पदार्थाला हवेपासून वाचविणारा हाच पारा सांडून, फरशीच्या फटींत साचून, बाष्परूपाने खोलीच्या हवेत मिसळत होता. पाऱ्याच्या बाष्पाला रंग नसतो व वासही नसतो. त्यामुळे वर्षानुवर्षे कोणाला संशय आला नाही.

विषबाधा आणि तिची जाहीर नोंद

श्टॉक यांना दोन दशकांहून अधिक काळ डोकेदुखी, भोवळ आणि नाकाची जुनाट सर्दी यांचा त्रास होता. सर्दीवर शस्त्रक्रियाही झाल्या, पण गुण आला नाही. पुढे स्मरणशक्ती खालावली. दूरध्वनीचा क्रमांक पुस्तकात पाहून यंत्रापर्यंत जाईतो तो विसरला जाई. नुकतेच वाचलेले ध्यानात राहत नसे. साधी आकडेमोड आणि बुद्धिबळही जड जाऊ लागले. बुद्धीवरच ज्याची उपजीविका, अशा माणसाला हे किती भयावह वाटले असेल, हे सांगावयास नको. प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांनाही अशाच तक्रारी होत्या. १९२४ मध्ये विषशास्त्रज्ञ लुई लेविन यांच्या साहाय्याने निदान झाले आणि खोलीतील हवेत पारा आढळला.

तेथेच न थांबता, १९२६ मध्ये त्यांनी एका जर्मन रसायनशास्त्रीय नियतकालिकात पाऱ्याच्या बाष्पाच्या धोक्यावर सविस्तर लेख लिहिला. आपली विस्मृती आणि मानसिक खिन्नता त्यांनी त्यात उघडपणे नोंदविली. अग्रगण्य संस्थेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने आपली बुद्धी मंदावल्याचे समव्यवसायिकांना कळविणे ही सामान्य गोष्ट नव्हती. लक्षणांची हीच तपशीलवार यादी लेखाचे खरे सामर्थ्य ठरली. खोलीत खेळती हवा ठेवावी, सांडलेला पारा तत्काळ आणि पूर्णपणे गोळा करावा, असा त्यांचा आग्रह होता. लेख वाचून इतर प्रयोगशाळांतूनही अशाच त्रासाची पत्रे त्यांच्याकडे आली.

दातांत भरावयाच्या पारदमिश्रणाविरुद्धही त्यांनी आवाज उठविला. त्यावरून दंतवैद्यांशी झालेला वाद मात्र मिटला नाही. हवा, मूत्र आणि ऊती यांतील अत्यल्प पारा मोजण्याच्या पद्धती त्यांनी पुढील अनेक वर्षे सुधारल्या. त्यांचे हे काम तुलनेने कमी सांगितले जाते.

उत्तरायुष्य

१९२६ मध्येच श्टॉक कार्लस्रूए येथे गेले. १९३२ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी व्याख्याने दिली. ती पुढील वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १९३३ मध्ये ते नाझी पक्षाचे सदस्य झाले, ही गोष्टही त्यांच्या चरित्राचा भाग आहे. प्रकृती साथ देत नसल्याने १९३६ मध्ये त्यांनी प्राध्यापकपद सोडले व ते बर्लिनला परतले. युद्धकाळात त्यांनी सायलेशियात आश्रय घेतला. आघाडी जवळ येताच १९४५ च्या आरंभी त्यांना घरदार सोडून एल्ब नदीकाठच्या आकेन या गावी जावे लागले आणि पुढील वर्षी तेथेच वयाच्या ७० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.