नामचंद पवळा : टाळ्यांची धनी, मानाला पारखी

संगमनेर : पुणे-नाशिक महामार्गाने जाणाऱ्यांना संगमनेरजवळचे हिवरगाव पावसा परिचित आहे ते तेथील टोलनाक्यामुळे आणि भाविकांना देवगडच्या खंडोबामुळे. मात्र अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील या गावाचे नाव एके काळी मुंबईच्या तमाशा थिएटरांपर्यंत पोहोचले होते ते एका स्त्रीमुळे. त्या म्हणजे पवळाबाई तबाजी भालेराव-हिवरगावकर. रसिकांच्या लेखी ‘नामचंद पवळा’!

१२ ऑगस्ट १८७० रोजी महार कुटुंबात जन्मलेल्या पवळाबाई लहानपणीच खंडोबाच्या मुरळी झाल्या. मुलगी देवाला वाहण्याची ही प्रथा तेव्हा समाजमान्य होती. मुंबई इलाख्यात तिला कायद्याने आळा बसला तो १९३४ मध्ये. मुरळीला जागरणात गावे-नाचावे लागे. गळा आणि पाय तयार झाले ते तिथेच.

त्या काळी तमाशात स्त्रिया नव्हत्या. गौळणीतली राधा असो वा वगातली राणी, लुगडे नेसून उभा राही तो नाच्या पोऱ्या. ढोलकीच्या तालावर खुद्द स्त्रीनेच लावणी उभी करावी, हा पायंडा पाडण्याचा मान पवळाबाईंना दिला जातो. तमाशाच्या बोर्डावरील पहिली स्त्री कलावंत म्हणून त्या ओळखल्या जातात.

पुढे त्यांची गाठ पडली शाहीर पठ्ठे बापूरावांशी. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६-१९४५) हे ब्राह्मण. लावणीच्या वेडापायी त्यांनी घरची कुलकर्णकी सोडून तमाशाचा फड उभा केला. बापूरावांची लेखणी आणि पवळाबाईंची अदा एकत्र आल्यावर या फडाने मुंबई गाजवली. १९०८-०९ च्या सुमारास कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांसमोर बापूरावांनी ‘मिठाराणी’चा वग सादर केला. लोकाश्रयाबरोबर राजाश्रयही लाभला.

पण फडातले हे नाते समाजाला पचणारे नव्हते. ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी एकत्र राहतात, याने सनातनी खवळले. बापूरावांवर स्वजातीयांनी बहिष्कार घातला. त्यांच्या वाट्याला आलेली ही झीज पुढे त्यागाची कथा म्हणून कौतुकाने सांगितली गेली. पवळाबाईंनी काय सोसले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

तो प्रश्न दुसऱ्या बाजूने पुढे आला. महाड सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून मदत देऊ केली. परंतु दलित स्त्रीला नाचवून मिळवलेला पैसा चळवळीला नको, असे सांगून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली, असा प्रसंग तमाशाच्या इतिहासात सांगितला जातो. चळवळीच्या दृष्टीने प्रश्न एका कलावंताचा नव्हता; जातीने लादलेल्या धंद्यातून समाजाला बाहेर काढण्याचा होता. त्या भूमिकेतील तर्क बिनतोड होता. तरीही जिची रोजीरोटी आणि कीर्ती दोन्ही त्याच बोर्डावर होती, त्या स्त्रीची कोंडी त्यातून सुटत नव्हती. एकीकडे तिच्या अदांवर पैसे उधळणारे तिला घरात घेत नव्हते. दुसरीकडे तिच्या समाजाच्या उत्थानात तिच्या कलेला स्थान नव्हते.

कालांतराने पवळाबाई आणि बापूराव यांची ताटातूट झाली आणि फडाची रया गेली. ६ डिसेंबर १९३९ रोजी पवळाबाईंचे निधन झाले. सहा वर्षांनी, २२ डिसेंबर १९४५ रोजी बापूरावही विपन्नावस्थेत गेले.

मृत्यूनंतरही दोघांचा हिशेब सारखा झाला नाही. बापूरावांच्या लावण्यांचे संग्रह निघाले. १९५० मध्ये राजा नेने यांनी चित्रपट काढला, त्याचेही नाव ‘पठ्ठे बापूराव’. शब्द कागदावर उरतात, नाच उरत नाही, हे खरेच. परंतु उपेक्षेचे कारण तेवढेच नाही. इतिहासकार शैलजा पाईक यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तमाशाविषयक ग्रंथात पवळाबाईंच्या आयुष्याची सविस्तर मांडणी केली. दलित स्त्रीच्या कलेचा आस्वाद घ्यायचा आणि त्याच कलेवर अश्लीलतेचा शिक्का मारून तिची प्रतिष्ठा हिरावून घ्यायची, ही जातिव्यवस्थेची रीत त्यातून समोर येते.

पवळाबाईंनी मळलेल्या वाटेवरून पुढे विठाबाई नारायणगावकर आल्या, संगमनेरला कर्मभूमी मानणाऱ्या कांताबाई सातारकर आल्या. स्त्रीशिवाय तमाशा ही कल्पनाच आज करवत नाही. शासनाने तमाशासाठीचा जीवनगौरव पुरस्कार विठाबाईंच्या नावे सुरू केला, हे उचितच झाले. पण त्या परंपरेचा उगम सांगायचा तर संगमनेर तालुक्यातील हिवरगावापर्यंत यावे लागते. पवळाबाईंचे नाव बापूरावांच्या चरित्रातील एक प्रकरण म्हणून नव्हे, तर स्वतंत्रपणे घेतले जाणे, हे त्यांचे राहिलेले देणे आहे.